बिघडणारी गाडी आणि उघडता येणारी गाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मर्सिडीजच्या १२४ मालिकेच्या जुन्या मोटारींवरील माझ्या लेखाला आपण दिलेल्या प्रतिक्रियेचा सूर बोचरा असला तरी आक्षेप नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा आधी सांगतो. आपले म्हणणे असे, की ‘पूर्वीच्या आलिशान गाड्या बिघडतच नसत’ हे माझे विधान निखालस चुकीचे आहे. ज्या गाड्या भंगारात गेल्या त्या मला दिसत नाहीत आणि ज्या उरल्या त्यांच्यावरून मी सगळ्यांची पारख करतो. ती गाडी बाळगणारा माणूस देखभालीवर किती पैसा ओतत होता याचा मी उल्लेखही केला नाही. आणि आजची साधी हॅचबॅकसुद्धा इंजिन न उघडता दोन लाख किलोमीटर धावते, हे चाकणच्या परिसरात सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला मी तरी शिकवू नये. शेवटी आपण एक प्रश्न विचारला आहे. त्याकडे मी शेवटीच येईन.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. १९८४ च्या अखेरीस आलेल्या या मालिकेच्या २५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि त्यांची दुखणी या गाड्यांवर काम केलेल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला तोंडपाठ असतात. सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचे हेड गॅस्केट वयोमानाने तेल गाळू लागते. एअर कंडिशनरची कूलिंग कॉइल गळली, तर ती बदलण्यासाठी जवळजवळ सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि कॉइलच्या किमतीपेक्षा मजुरीच अधिक होते. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वायरिंगची आहे. १९९२ ते १९९५ च्या सुमारास इंजिनाच्या वायरिंगला जे आवरण वापरले गेले, ते बॉनेटखालच्या उष्णतेने काही वर्षांतच कडक होऊन पापडासारखे तुटू लागले आणि उघड्या तारा एकमेकींना चिकटू लागल्या. पुण्यात टेल्कोच्या (पुढे टाटा मोटर्स) भागीदारीत १९९५ पासून ज्या ई २२० आणि ई २५० डिझेल जुळवल्या गेल्या, त्या मालिकेच्या याच अखेरच्या पर्वातल्या होत्या. ‘दगडासारखी भक्कम’ असे ज्या गाडीचे वर्णन मी केले, तिच्या शेवटच्या काही वर्षांतल्या गाड्यांच्या नसाच ठिसूळ होत्या, आणि हे मला माहीत असूनही मी लेखात लिहिले नाही. स्तुतीच्या भरात राहून गेले असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे ते त्या लेखात बसत नव्हते, म्हणून मी ते बाजूला ठेवले.

उरलेल्या गाड्यांवरून सगळ्यांची पारख करण्याचा दोषही माझ्याकडून झाला आहे, आणि आपल्या बाजूने मी त्यात एका उदाहरणाची भरच घालतो. ग्रेगोरिओस साचिनिडिस नावाच्या ग्रीक टॅक्सीचालकाने आपली १९७६ ची मर्सिडीज २४० डी २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा तिने ४६ लाख किलोमीटर धाव पूर्ण केली होती. जुन्या मर्सिडीजच्या भक्तांना ही कथा फार आवडते, मलाही आवडते, पण ती सांगताना आम्ही एक तपशील दबक्या आवाजात सांगतो : त्या गाडीचे इंजिन या काळात एकदा नव्हे, अनेकदा काढून दुसरे बसवावे लागले होते. म्हणजे ती गाडी बिघडली नाही असे नव्हे, तर ती पुन्हा पुन्हा बिघडली आणि पुन्हा पुन्हा उभी राहिली.

मला जे म्हणायचे होते आणि जे मी चुकीच्या शब्दांत मांडले, ते नेमके येथे आहे. आपण ज्याला विश्वासार्हता म्हणता, ती म्हणजे ठरावीक वर्षांत आणि ठरावीक किलोमीटरमध्ये गाडी किती वेळा बंद पडली याचा हिशेब. त्या हिशेबात आजची गाडी जिंकते यात वाद नाही. कृत्रिम तेले, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आणि भाग घडवण्यातील बारीक अचूकता यांनी पहिल्या दहा वर्षांचे चित्रच पालटले आहे. मी ज्याला विश्वासार्हता म्हणत होतो ती दुसरी गोष्ट आहे : गाडी बंद पडल्यावर ती कशामुळे बंद पडली हे एखाद्या कुशल माणसाला कान, डोळे आणि पाने-पक्कड यांच्या जोरावर समजावे, बिघडलेला भाग तेवढाच निघावा, तेवढाच मिळावा आणि त्यानंतर गाडी पूर्वीइतकीच चांगली व्हावी. गाडीच्या विसाव्या-तिसाव्या वर्षी या दुसऱ्या गुणालाच महत्त्व येते, कारण तोवर पहिल्या प्रकारचा हिशेब प्रत्येक गाडीचा संपलेला असतो.

या गुणाचा पुरावा शोधायला मर्सिडीजच्या गावी, स्टुटगार्टला, जावे लागत नाही. त्या ग्रीक टॅक्सीच्या २४० डी जातीला जे चार सिलिंडरचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन असे, तेच ओएम ६१६ इंजिन बनवण्याचा परवाना आपल्या बजाज टेम्पोने मिळवला आणि ते ट्रॅक्स या प्रवासी गाडीत बसवले. जर्मनीत जे इंजिन मध्यमवर्गीय निवृत्तांना रविवारी फिरायला नेत होते, तेच आपल्याकडे वडापाच्या गाडीत चौदा-पंधरा माणसे, वर टपावर कांद्याची पोती आणि मागे लोंबकळणारी दोन पोरे घेऊन घाट चढत राहिले. त्याचे इंजिनकाम तालुक्याच्या गावी, ताडपत्रीच्या सावलीत होत असे. नोझल काढून तपासून आणायचे, हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायचे, बोअर झिजला असेल तर बोअरिंग करून मोठे पिस्टन घालायचे, हीटर प्लग बदलायचे, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. पंप यांत्रिक होता, इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेचीही गरज नव्हती. शिवाय १९९६ पूर्वी आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. आजच्या बीएस ६ इंधनात ते दहा लाखांत दहा भाग आहे. जुन्या इंजिनाने ते गढूळ डिझेल पचवले. आजचे इंजिन ते पचवू शकणार नाही.

आता यातला दुसरा पैलू आपण सांगण्याआधी मीच सांगतो. ते पचवलेले गंधक धुराच्या नळीतून बाहेर पडत होते आणि वडापाच्या मागे सायकलवर असलेल्या माणसाच्या छातीत जात होते. आजच्या इंजिनाची बरीचशी नाजूकता ही त्या धुराला गाडीतच अडवण्याची किंमत आहे, आणि ती किंमत मोजण्याजोगी आहे असे माझे मत आहे. माझा आक्षेप धूर अडवणाऱ्या यंत्रणेला नाही.

माझा आक्षेप ‘असेंब्लीच बदलावी लागेल’ या वाक्याला आहे. माझ्या सध्याच्या गाडीचा, जिचे नाव मी येथे घेणार नाही, मधला टचस्क्रीनचा पडदा सहाव्या वर्षी काळा पडला. एअर कंडिशनरची सर्व बटणे त्या पडद्यातच असल्यामुळे मे महिन्यात काचा खाली करून फिरण्याची वेळ आली. अधिकृत केंद्रात स्कॅनर लावून त्यांनी सांगितले, की पडद्यामागचे युनिट निकामी झाले आहे, ते उघडले जात नाही, नवे आणून गाडीच्या संगणकाशी जुळवावे लागेल आणि ते जुळवण्याचे काम केवळ त्यांच्याकडेच होईल. रकमेचा आकडा ऐकून मी तेथेच खुर्चीत बसलो. बाहेरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने त्यातला एक लहानसा भाग बदलला असता तर ते चालू झाले असते का, हे मला कधीच कळणार नाही, कारण त्याला ते उघडून पाहण्याची सोयच ठेवलेली नव्हती. आपण म्हणाल, की एवढ्याने गाडी ‘बंद पडली’ असे होत नाही. आपल्या विश्वासार्हतेच्या हिशेबात नसेल होत. याउलट १२४ च्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच स्वतंत्र लिंक, म्हणजे चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्या, होत्या. त्यातल्या एकीचा रबरी बुश गेला तर ती एकच लिंक बदलता येत असे, आणि आजही येते.

गुंतागुंत वाढली म्हणून गाड्या कमकुवत झाल्या, असा सोपा निष्कर्ष मात्र मी आता काढणार नाही, कारण आपण दिलेले लेक्ससचे, म्हणजे टोयोटाच्या आलिशान गाड्यांच्या ब्रँडचे, उदाहरण त्याला छेद देते. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस एलएस ४०० अमेरिकेत आणली, तेव्हा इचिरो सुझुकी यांच्या चमूने आठ सिलिंडरचे, पुरेपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेले वाहन सुमारे ३५ हजार डॉलरला, म्हणजे तोडीच्या जर्मन गाडीपेक्षा खूपच स्वस्त, दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रेकचा दिवा आणि क्रूझ कंट्रोल यांच्या किरकोळ तक्रारींवरून त्यांनी सुमारे ८,००० गाड्या परत बोलावल्या, बऱ्याच मालकांच्या घरून स्वतः नेल्या, आणि त्या दुरुस्त करून, धुऊन परत दिल्या. लेक्ससची गुणवत्ता ही आपल्या क्षेत्राची कमाई आहे : प्रत्येक भाग ठरलेल्या मापातच निघावा यासाठी कारखान्यात केलेली रोजची शिस्त. मर्सिडीजची गुणवत्ता वेगळ्या मार्गाने आली होती. तेथे अभियंत्यांनी आधी गाडी ठरवायची आणि हिशेबनीसांनी नंतर किंमत जोडायची, अशी जुनी रीत होती. त्या रीतीचे टोक म्हणजे १९९१ ची एस वर्गाची, म्हणजे मर्सिडीजच्या सर्वांत वरच्या श्रेणीची, गाडी. खिडक्यांना दुहेरी काचा, दोन टनांच्या आसपास वजन, आणि रुंदी इतकी की जर्मनीतल्या झ्युल्ट बेटाकडे मोटारी नेणाऱ्या रेल्वेच्या डब्यांत ती मावेना. ही गाडी मलाही अतिरेकी वाटते. एकीकडे तिचा खर्च आणि दुसरीकडे लेक्ससची किंमत या चिमट्यात सापडल्यावर मर्सिडीजने आधी किंमत ठरवून मग गाडी बसवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या, म्हणजे १२४ ची जागा घेणाऱ्या, ई वर्गाच्या पत्र्यांना गंज लागला. पुढे विजेवर चालणाऱ्या ब्रेकयंत्रणेच्या तपासणीसाठी २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावाव्या लागल्या आणि २००५ मध्ये ब्रेकसह इतर विद्युत दोषांसाठी सुमारे १३ लाख. म्हणजे माझा नॉस्टॅल्जिया जुन्या काळासाठी नसून खर्चाच्या एका विशिष्ट रीतीसाठी आहे, आणि ती रीत तोट्याची होती हेही मला दिसते.

तोट्याची होती, आणि तो तोटा कोण भरत होते, हा आपला तिसरा मुद्दा. येथे मला एक व्यक्तिगत कबुली द्यावी लागेल. १२४ मी कधीही विकत घेतली नाही. माझे मामा एका कारखानदाराकडे चालक होते आणि सुटीत त्यांच्याकडे गेलो की सकाळी गाडी पुसण्याचे काम माझ्याकडे असे. मामा रोज तेलाची पट्टी बघत, पाणी बघत, इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी हलवत नसत, आणि वेळापत्रकाच्या आधीच तेल बदलून घेत. त्यांच्या पगारासह या सगळ्याचे पैसे साहेबांच्या खिशातून जात होते. मला दिसला तो चकचकीत रंग. बिले मी पाहिली नाहीत, त्यामुळे ती माझ्या आठवणीतही नाहीत. अशी निगा राखली गेली तर आजची गाडीही कदाचित तीस वर्षे टिकेल, हे आपले म्हणणे मी अर्धे मान्य करतो. अर्धेच, कारण मामांच्या हातात जे होते ते सगळे त्यांना उघडून पाहता येत होते.

वायपरच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. १२४ चा एकच वायपर म्हणजे ‘दिखाऊ खेळणे’ असे आपण लिहिले आहे. तो हात नुसता फिरत नसे. फिरता फिरता लांब आणि आखूड होऊन काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत असे आणि समोरच्या काचेचा ८६ टक्के भाग पुसत असे. त्याच्या यंत्रणेला वेळोवेळी ग्रीस लागते, हे खरे. पण ज्याने आषाढात वरंधा घाटातून ही गाडी चालवली आहे, किंवा माझ्याप्रमाणे मामांच्या शेजारी बसून तो हात काचेवर वर-खाली झेपावताना पाहिला आहे, तो त्याला खेळणे म्हणणार नाही.

आता आपला शेवटचा प्रश्न : माझी मुलगी रात्री एकटी मुंबईहून द्रुतगती मार्गाने येणार असेल, तर तिच्या हाती मी कोणत्या गाडीची किल्ली देईन? नवीन गाडीची, आणि क्षणभरही विचार न करता. १२४ अपघातातील सुरक्षिततेच्या दृष्टीने तिच्या काळात अग्रेसर होती, पण घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली मर्सिडीजच्याच एस वर्गात १९९५ मध्ये आली, आणि पडदा काळा पडणारी माझी गाडी त्या बाबतीत १२४ पेक्षा कितीतरी पुढे आहे. मुलगी सुखरूप घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून समाधानाने काय पाहावे, हा प्रश्न वेगळा, आणि माझा लेख खरे तर त्याच्यापुरता होता.

मूळ लेखातील ‘बिघडतच नसत’ हे वाक्य मी आज काढले आहे. तेथे आता ‘बिघडल्या तरी त्यांचा बिघाड सापडत असे आणि निघत असे’ असे आहे. वायरिंगच्या आवरणाबद्दल एक नवा परिच्छेद जोडला आहे, आणि मामांच्या साहेबांच्या बिलांचाही उल्लेख केला आहे. वायपरचा परिच्छेद होता तसाच ठेवला आहे.