‘तो विषाणू तर सगळ्यांच्याच त्वचेवर असतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: त्वचेचा कर्करोग उन्हाने होतो. मर्केल पेशींचा कर्करोग हा त्वचेच्याच कर्करोगाचा एक विरळा प्रकार; त्यासाठी मी माझ्या लेखात ज्या विषाणूला जबाबदार धरलं, तो निरोगी माणसांच्या त्वचेवरही असतो. मग गाठीत तो सापडला यात नवल काय, आणि लोकांना घाबरवायचं कशाला?

नुसता सापडला असता तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो. २००८ साली पिट्सबर्गमध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला १० पैकी ८ गाठींत हा विषाणू (मर्केल सेल पॉलिओमाव्हायरस) मिळाला. माझ्या लेखी तो आकडा दुय्यम आहे. खरी गोम अशी की बहुतेक गाठींत विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये घुसलेला होता, आणि तोही त्या गाठीतल्या पेशींत एकाच जागी. ही घुसखोरी कुठे होईल याचा काही नेम नसतो. तरी असंख्य पेशींत ती एकाच जागी दिसते, याचा अर्थ ती एकदाच, एका पेशीत झाली आणि बाकीच्या पेशी तिच्याच वंशातल्या. गाठ वाढल्यावर मागाहून आलेल्या विषाणूच्या खुणा अशा जुळल्या नसत्या. शिवाय गाठीतला विषाणू मोडका असतो. त्याचं लार्ज टी प्रथिन अर्धवट तुटलेलं असल्यामुळे त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, पण पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला पकडणारा भाग मात्र शाबूत. प्रयोगशाळेत अशा पेशींमधली विषाणूची टी प्रथिनं बंद पाडली की त्यांची वाढ खुंटते. एवढं पाहिल्यावर त्याला निव्वळ बघ्या म्हणवत नाही.

पण म्हणून ऊन निर्दोष सुटत नाही. ऑस्ट्रेलियात या कर्करोगाच्या बहुतांश गाठींत विषाणू नसतोच, तिथे उन्हातल्या अतिनील किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनांची (डीएनएतल्या बदलांची) नुसती गर्दी असते. विषाणू असलेल्या गाठींत ती फार कमी.

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस) या दुसऱ्या विषाणूबद्दल तुमचा संशय मला जास्त पटतो; तोही त्वचेच्या कर्करोगाला ‘कदाचित’ हातभार लावतो असं लेखात लिहिताना हा शब्द मी मुद्दामच घातला होता. एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस या दुर्मीळ आनुवंशिक विकारात एचपीव्हीचे ५ आणि ८ क्रमांकाचे प्रकार उन्हाच्या जोडीने स्क्वेमस सेल कर्करोग (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) घडवतात, आणि तोही बहुधा उघड्या त्वचेवर. इतरांच्या बाबतीत मात्र तयार गाठीत विषाणू क्वचितच टिकून असतो. तो सुरुवातीला डीएनएच्या दुरुस्तीत खोडा घालून निघून जातो, असा एक तर्क आहे. मागे माग न ठेवणाऱ्या आरोपीवर गुन्हा शाबीत करणं कठीणच! मेलॅनोमात, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगात, तर कोणताही विषाणू दोषी ठरलेला नाही.

राहिली भीती. बहुतेकांना मर्केल विषाणूचा संसर्ग लहानपणीच होऊन जातो, काही जाणवतही नाही. कर्करोग व्हायला आधी ती घुसखोरी आणि ती मोडतोड दोन्ही घडावं लागतं, म्हणूनच तो इतका विरळा. उलट विषाणू कळल्याचा रुग्णांना फायदाच झाला: निदानाच्या वेळी ज्यांच्या रक्तात टी प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं असतात, त्यांच्यात उपचारांनंतर ती पुन्हा चढू लागली, तर आजार उलटल्याची शंका डॉक्टरांना लवकर येते.