टर्बो काढला म्हणजे इंजिन ‘नॅचरल’ होत नाही

एक मेसेज सध्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतोच. सारांश असा: टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) गेला तर चाळीस-पन्नास हजार घालवू नका. दोन-तीन हजारांत टर्बो काढून पाइप डायरेक्ट जोडून घ्या. इंजिन पूर्वीसारखं ‘नॅचरल’, म्हणजे बिनटर्बोचं, होतं, ॲव्हरेज वाढतं, ताण कमी होऊन इंजिनाचं आयुष्य दुप्पट होतं, आणि आरसीवर टर्बोचा उल्लेखच नसतो, त्यामुळे आरटीओची कटकट नाही. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी.

माझ्या मावसभावाने हा मेसेज नुसता वाचून सोडला नाही, करून पाहिला. म्हणून हे लिहायला बसलो.

‘इंजिन पूर्वीसारखं नॅचरल होतं’

पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? ते इंजिन जन्मापासून टर्बोसाठीच बनलेलं असतं. टर्बो आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये ढकलतो. ती पिस्टनने आणखी फार दाबली तर पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिन ठोकायला लागतं. म्हणून कंपनी टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवते. याचं स्वच्छ उदाहरण म्हणजे टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं टूजेझेड इंजिन. ते दोन्ही रूपांत आलं. बिनटर्बोचं कॉम्प्रेशन १०:१, टर्बोचं ८.५:१. पिस्टन वेगळे, आणि टर्बोवाल्यात पिस्टन थंड ठेवायला खालून ऑइलची पिचकारी मारणारे नोझलही.

आता या दुसऱ्या इंजिनाचा नुसता टर्बो उतरवला, तर हातात पहिलं इंजिन येतं का? नाही. येतं ते ८.५ कॉम्प्रेशनचं, ना इकडचं ना तिकडचं धूड. खरोखर नॅचरल करायचं तर पिस्टन बदला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा पाइप) बदला, जमल्यास कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदला आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग नव्याने करा. एवढं करून जे मिळेल ते कंपनीच्या बिनटर्बो इंजिनाइतकं, आणि खर्च मात्र टर्बोच्या कितीतरी वर.

डिझेलचं उदाहरण आपल्या रस्त्यांवरचंच घ्या. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट आपल्याकडे रांजणगावातही बनलं आणि कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. साध्या टर्बोवर ताकद ७५ पीएस, ओढ (टॉर्क) १९० एनएम. कॉम्प्रेशन १७-१८ च्या घरात. त्याआधीची जुनी टाटा इंडिका आठवा: १४०५ सीसी, टर्बो नाही, ताकद पन्नास पीएसच्या जरा वर. पण अशा जुन्या इनडायरेक्ट (डिझेल आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनांचं कॉम्प्रेशन २०-२२ पर्यंत असायचं, आणि ती बिनटर्बो चालण्यासाठीच घडवलेली होती. मल्टिजेटचा टर्बो काढलात तर इंडिकापेक्षा लहान इंजिन, तिच्यापेक्षा कमी कॉम्प्रेशन, आणि गिअर मात्र १९० एनएमच्या हिशेबाने लावलेले. सिग्नलवरून निघतानाच कळतं.

‘दोन-तीन हजारांत काम होतं’

भावाची डिझेल हॅचबॅक. खंबाटकी चढताना शिट्टीसारखा आवाज आला, पिकअप गेलं, मागे निळा धूर. गॅरेजवाल्याने टर्बो उतरवून दाखवला. शाफ्टला बोट लावलं तर तो चक्क वरखाली हलत होता. वास्तविक तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरणारा भाग. ऑइलच्या बारीक थरावर तरंगतो, म्हणून टिकतो. त्यात हाताला जाणवेल एवढी ढिलाई आली की खेळ संपला. ‘कशाला नवा घालता, काढूनच टाकू,’ असं ठरलं.

दोन दिवसांनी मी बॉनेट उघडून पाहिलं. एअर फिल्टरपासून इनटेकपर्यंत रबरी होज, दोन क्लिपांनी आवळलेला. टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर नुसताच लटकतोय. टर्बोला ऑइल नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जुना बोल्ट ठोकलेला, खाली तांब्याचा वॉशरही नाही, आणि त्याच्या कडेने काळं ऑइल झिरपून ब्लॉकवर ओघळलेलं. इंजिन चालू असताना त्या लाइनला पूर्ण प्रेशर असतं. तो बोल्ट हायवेवर सुटला असता तर काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर आणि बेअरिंगं कचऱ्यात. तीन हजारांचं काम असं दिसतं.

आणि गाडी? चेक इंजिनचा दिवा कायमचा. स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे अपेक्षेपेक्षा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी. ईसीयू मूर्ख नसतो. हवा कमी येतेय हे सेन्सर सांगतात, तो डिझेल आखडतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर, लंगडते. मग कोणीतरी लॅपटॉप आणून दिवा बंद करून देतो, डिझेल वाढवून देतो, आणि मागचा दुचाकीवाला काळ्या धुरात नाहून निघतो.

‘ॲव्हरेज वाढतं’

उलट होतं. कॉम्प्रेशन कमी म्हणजे त्याच इंधनातून काम कमी. पुस्तकी गणिताने पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता १०:१ ला साधारण ६० टक्के येते, ८.५:१ ला साडेसत्तावन्न. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खूप खाली असतात, पण फरकाची दिशा तीच राहते. त्यात गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही तिसऱ्या गिअरच्या जागी दुसरा टाकता आणि पाय दाबून ठेवता.

घाटावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. उंचीवर हवा विरळ होते. महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, लेहच्या साडेतीन हजारांवर दोन-तृतीयांशाच्या आसपास. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. बिनटर्बो इंजिन ती जशीच्या तशी सोसतं.

‘ताण कमी, आयुष्य दुप्पट’

यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच हे सगळ्यांना पटतं. बूस्ट नाही तर सिलिंडरमधला दाब कमी, हे कबूल. पण टर्बो असल्यामुळे इंजिन लवकर मरतं हे खरं असतं, तर लाखो किलोमीटर धावणारे टर्बो डिझेल ट्रक रस्त्यावर दिसलेच नसते.

खरा प्रश्न मेसेजमध्ये कुणी विचारतच नाही: टर्बो गेला कशाने? तो आपोआप क्वचितच मरतो. बहुतेक वेळा ऑइल मारतं त्याला. वेळेवर न बदललेलं, भलत्याच ग्रेडचं, किंवा चिखल होऊन पाइपात अडकलेलं. नाहीतर फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ. भावाने ऑइल बदलून वीस हजार किलोमीटर झाले होते, हे त्याने मला तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. नंतर ऑइल फीडचा पाइप कापून पाहिला तर आत कोळशासारखा थर, मधे सुई जाईल एवढंच भोक. हाच चिखल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) असतो, ऑइल गाळणाऱ्या जाळीवर, म्हणजे स्ट्रेनरवर असतो, क्रँकच्या बेअरिंगांकडे जाणाऱ्या वाटेत असतो. टर्बो काढून तुम्ही तक्रार करणाऱ्याला घराबाहेर काढलंत, तक्रार आतच राहिली.

शेवटी संप उतरवून साफ केला, फीड पाइप नवा घातला, आणि टर्बोचं फक्त मधलं कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगांचा गाभा) बदललं. बाहेरची दोन्ही घरं (कवचं) शाबूत असतील तर पूर्ण टर्बो घ्यायची गरज पडत नाही. मेसेजमधला पन्नास हजारांचा धाक निम्मा तिथेच संपतो.

‘आरसीवर टर्बो लिहिलेलं नसतं’

बरोबर, नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं. टर्बो त्यात कसा बसतो यावर वकील भांडतील. पीयूसीवाला मात्र भांडत नाही. डिझेलच्या चाचणीत एक्सलरेटर झटक्यात पूर्ण दाबून धूर मोजतात, आणि डिझेल वाढवून दिलेली बिनटर्बो गाडी सगळ्यात घाण ओकते ती त्याच क्षणी. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी वर येतो, ते वेगळंच.

मेसेज कुठे खरा आहे तेही सांगतो. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल जीप आणि ट्रॅक्टर, त्यातही ज्यांचं तेच इंजिन कंपनी टर्बोशिवायही विकायची, तिथे हा उपाय चालतो. चांगला मिस्त्री ऑइलची लाइन नीट बंद करतो, बिनटर्बोचा मॅनिफोल्ड लावतो आणि पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करतो. गाडी हळू चालते, पण सरळ चालते. फॉरवर्ड करण्याआधी आपल्या कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाडीचं बॉनेट उघडा आणि तो स्क्रू शोधून दाखवा.