दोरी कोणी कापली?

पावसाळा लागला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच भांडण. कुठल्यातरी गडावर नाहीतर धबधब्यावर कोणीतरी जातं, जिल्हाधिकारी बंदी घालतात. अर्धे म्हणतात "बरं झालं", अर्धे म्हणतात "गड काय यांच्या बापाचे?" मग मला विचारतात, "स्वित्झर्लंडात कसं असतं रे?"

इथे मॅटरहॉर्न नावाचा डोंगर आहे, ४४७८ मीटर. १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिम्पर या इंग्रज गिर्यारोहकासह सात जण पहिल्यांदा माथ्यावर पोचले. उतरताना हॅडो हा एकोणीस वर्षांचा नवखा पोरगा घसरला आणि तिघांना घेऊन गेला. मधली दोरी तुटली म्हणून व्हिम्पर आणि पायथ्याच्या झरमॅट गावचे वाटाडे टाउगवाल्डर बापलेक वाचले. झरमॅटच्या संग्रहालयात तिचा तुकडा काचेत ठेवलाय. आमच्या चाळीत कपडे वाळत घालायची दोरी याहून दणकट असेल.

लोकांनी संशय घेतला तो थोरल्या टाउगवाल्डरवर: दोरी यानेच कापली. चौकशीत तो सुटला, कुजबुज मात्र सुटली नाही. नवख्याला असल्या कड्यावर नेणाऱ्या साहेबांपेक्षा गावच्या वाटाड्याला बट्टा जास्त लागला. आपल्याकडे अपघातानंतर पायथ्याच्या गावातल्या पोराला धरतात, तेव्हा मला हा म्हातारा आठवतो.

बंदीचा विचार तेव्हाही झाला. राणी व्हिक्टोरियानेही नंतर पंतप्रधानांकडे तशी चौकशी केली होती. डोंगर उघडाच राहिला. आता चढणारे रात्री मुक्काम करतात त्या ३२६० मीटरवरच्या ह्योर्न्ली हटमध्ये २०१५ साली नूतनीकरण करताना खाटाच कमी केल्या, १७० च्या १३०. आजूबाजूला तंबू ठोकायलाही मनाई. झोपायला जागा नाही तर पहाटे चढणारे कमी, इतकं साधं. माणसं अजूनही मरतात, हेही खरं. हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल तुमच्या नाहीतर विमा कंपनीच्या नावावर. लोणावळ्याच्या शिवदुर्ग या बचाव पथकाची पोरं मात्र रात्री-अपरात्री कामधंदा टाकून दोर घेऊन फुकट दरीत उतरतात, आणि आपण त्यांचं कौतुक करून मोकळे होतो.

बंदीने पुण्या-मुंबईवाल्याचा एक रविवार बुडतो. पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींचा अख्खा हंगाम बुडतो. म्हणून ग्रुपवर लिहिलं: दिवसाला माणसं मोजून सोडा, पावतीतच विमा घ्या, त्यातलं काही गावाला द्या.

दोन मिनिटांत एकाचं उत्तर आलं: "पायथ्याशी तीस रुपयांची पावती चुकवायला पहाटे चारला मागच्या वाटेने आम्हाला कोण घेऊन गेलं होतं रे?"

मीच.