खुलासा : यशया 53 यहुद्यांनी बायबलमधून काढलेला नाही

‘बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 53वा अध्याय येशूच्या दुःखसहनाचं भाकीत असल्यामुळे यहुद्यांनी तो आपल्या शास्त्रातून वगळला’ असा मेसेज ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो खरा नाही.

कुठलंही छापील हिब्रू बायबल उघडा, 52 आणि 54 च्या मधे 53 आहेच. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या यशयाच्या गुंडाळीतही तो आहे. अकराव्या शतकातले यहुदी भाष्यकार राशी यांनी त्यावर भाष्य लिहिलं. त्यांच्या मते या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल.

गैरसमजाचं मूळ बहुधा शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, वाचनक्रमात आहे. सभास्थानात संदेष्ट्यांचे निवडक उतारेच वाचतात. एका आठवड्याचं वाचन 52:12 ला संपतं, दुसरं 54:1 पासून सुरू होतं. या सेवकाविषयीचा उतारा, म्हणजे सेवकाचं गीत, 52:13 ते 53:12, नेमकं मधलं. पण यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचेही कितीतरी अध्याय या क्रमात नाहीत.

आपण ख्रिस्ती लोक हे गीत येशूविषयी वाचतो ते नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये 8 च्या आधारावर : सुवार्तिक फिलिप्पाने याच उताऱ्यापासून सुवार्ता सांगितली. त्यासाठी शेजारच्या धर्मावर खोटा आळ घेण्याची गरज नाही. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.