ई ४७१ : नुसत्या क्रमांकावरून निर्णय होत नाही

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘ई ४७१’ या क्रमांकाने दिसणारा घटक ‘रासायनिक प्रक्रियेतून जातो’ म्हणून एका लेखात सरसकट हलाल (इस्लामनुसार खाण्यास योग्य) ठरवला आहे, हे मला मान्य नाही. पावाचा मऊपणा टिकवण्यासाठी आणि आइस्क्रीममध्ये स्निग्धांश व पाणी यांचा मेळ राखण्यासाठी वापरली जाणारी ही मोनो व डायग्लिसराइड्स (स्निग्धाम्ले आणि ग्लिसरॉल यांची संयुगे) पाम किंवा सोयाबीनच्या तेलापासून बनतात, तशीच गाईच्या वा डुकराच्या चरबीपासूनही बनतात; क्रमांक मात्र एकच असतो.

लेखकाचा सारा भर ‘इस्तिहाला’वर, म्हणजे पदार्थाचे मूळ स्वरूप पालटले की त्याचा हुकूमही (धार्मिक निर्णय) पालटतो, या तत्त्वावर आहे. दारूचा आपोआप सिरका (व्हिनेगर) झाला तर तो हलाल, हे सर्वमान्य उदाहरण. परंतु हनफी फिकहमध्ये (फिकह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र; हनफी व शाफई हे त्याचे दोन संप्रदाय) या तत्त्वाला जितका वाव आहे तितका शाफई फिकहमध्ये नाही, याचा उल्लेखही लेखात नाही. शिवाय येथे प्रत्यक्षात घडते काय? चरबी ग्लिसरॉलबरोबर सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवली जाते, तेव्हा स्निग्धाम्लांच्या साखळ्या एका रेणूवरून सुटून दुसऱ्यावर बसतात, पण साखळ्या त्याच राहतात. याला स्वरूप पालटणे म्हणणे मला तरी कठीण वाटते. गाईच्या चरबीबाबतही, जनावर शरियतनुसार जबह (कत्तल) केलेले होते का, हा प्रश्न उरतोच.

संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणारा आपला दीन (धर्म) जपतो, ही हदीस (पैगंबरांचे वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यामुळे वेष्टनावर घटक वनस्पतिजन्य असल्याचे लिहिले असेल तर हा घटक निःशंकपणे खावा. नुसता क्रमांक असेल तर उत्पादकाला स्रोत विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो पदार्थ बाजूला ठेवावा.