बाळांचा बाप्तिस्मा कॉन्स्टंटाईनने आणला म्हणे! त्या फॉरवर्डचं जरा बघूया

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की बाळांचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) चौथ्या शतकात रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने घुसवला, बायबलमध्ये आधी विश्वास मग बाप्तिस्मा असाच क्रम आहे, विश्वास ही ज्याची त्याची निवड असल्यामुळे लहानपणी झालेला बाप्तिस्मा म्हणजे नुसतं पाणी, आणि हे बोलणाऱ्यांना पोपने बुडवून मारलं. मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा या मताच्या बाजूने चांगले मुद्दे आहेत हो, पण ते या मेसेजमध्ये नाहीत.

कॉन्स्टंटाईनचं आधी घेऊ. इ.स. 200 च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई कशाला, कळत्या वयाची होऊ द्या. म्हणजे तो विरोधात आहे, पण प्रथाच नसती तर विरोध कशाला केला असता? मग 253 च्या आसपास कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 66 बिशप एकत्र बसले तेव्हा प्रश्न काय होता, तर ज्यूंच्या सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का, आणि उत्तर आलं की तेवढंही थांबू नका. कॉन्स्टंटाईनने स्वतः बाप्तिस्मा घेतला 337 मध्ये, मरणाच्या दारात. उलट चौथ्या शतकात बऱ्याच ख्रिस्ती घरांत बाप्तिस्मा लांबवायचे, नंतर केलेलं पाप जास्त जड जाईल या भीतीने. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेल्या ऑगस्टिनची आई मोनिका एवढी भाविक, तरी त्याचा बाप्तिस्मा झाला 387 मध्ये, तिशी उलटल्यावर.

बायबलमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नाही, हे मान्य. लुदिया, तुरुंगाचा अधिकारी, स्तेफनस यांच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला असं आहे, पण त्या घरांत तान्ही मुलं होती का ते लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर कुणीच इमारत बांधू नये. फक्त ख्रिस्ती आईबापाच्या मुलाला मोठं होईपर्यंत थांबवून मग बाप्तिस्मा दिला असंही एक उदाहरण नव्या करारात सापडत नाही, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत.

क्रमासाठी मार्क 16:16 दिलंय, जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो तो तरेल. (मार्कचा हा शेवटचा भाग सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाही, पण ते सोडा.) पुढचं अर्धं वाक्य वाचा की, जो विश्वास धरत नाही तो दोषी ठरेल. पहिला अर्धा भाग बाळांना लावला तर दुसराही लावावा लागेल, मग विश्वास ठेवता येण्याआधीच गेलेल्या बाळाचं काय? ते मेसेज पाठवणाऱ्यालाही पटणार नाही. वचन सुवार्ता ऐकणाऱ्यांसाठी आहे.

खरा गोंधळ निवडीच्या मुद्द्यात आहे. विश्वास माणूस निवडतो की देव देतो हा एक वाद आणि बाळांना बाप्तिस्मा द्यावा का हा दुसरा, आणि दोन्हींची उत्तरं एकमेकांना बांधलेली नाहीत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने 1525 मध्ये इरॅस्मस या विद्वानाला उत्तर देताना माणसाची इच्छा स्वतंत्र नाही असं ठासून लिहिलं, तो बाळांना बाप्तिस्मा देणारा. इंग्लंडचा प्रवचनकार स्पर्जनही देवाच्या निवडीचा कट्टर समर्थक, पण बॅप्टिस्ट, म्हणजे विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्यांतला! आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणारा वेस्ली म्हणायचा की देवाची कृपा माणूस नाकारू शकतो, तरी मेथडिस्ट लोक बाळांना बाप्तिस्मा देतात. आता सांगा निवडीवरून काय सिद्ध झालं? आणि योहान 15:16 मधलं ‘तुम्ही मला निवडले नाही’ दुसऱ्या बाजूनेही उगाच फेकू नका, ते शिष्यांना उद्देशून आहे.

पोपचं म्हणाल तर मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा म्हणणाऱ्या फेलिक्स मांट्झला 1527 मध्ये लिमात नदीत बुडवलं ते झुरिचच्या प्रोटेस्टंट नगर कौन्सिलने, प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्लीच्या शहरात.

बाळांच्या बाप्तिस्म्यावर तगडी टीका हवी तर धर्मपंडित कार्ल बार्थचं 1943 चं व्याख्यान घ्या. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या रिफॉर्म्ड प्रोटेस्टंट परंपरेतला माणूस, निवड देवाची असं मानणारा, तरी म्हणतो की बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतः तयार असायला हवं, बाळांना देण्याची पद्धत चुकीची आहे. पण त्यानेसुद्धा तो बाप्तिस्मा रद्दबातल ठरवला नाही, पुन्हा घ्या म्हणाला नाही.