पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) बंद करा म्हणणाऱ्या भाऊंसाठी

चार दिवसांपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, "सरकारी दवाखाने बंद करा, तिथं डॉक्टर नसतो, तोच पैसा 5 लाखाच्या आयुष्मान कार्डात टाका, गरीब माणूस सरळ प्रायव्हेटमध्ये जाईल." अंगठे पण लय पडले त्याला, म्हणून लिहून राहिलो.

पहिले ते 5 लाख. भाऊ, ते भरती झाल्यावरचे, तेही यादीतल्या आजारासाठी अन् यादीतल्याच दवाखान्यात. ओपीडी त्यात येत नाही. मग बीपीची रोजची गोळी, पोराचा ताप, गरोदर बाईची तपासणी, कुत्रं चावलं तर इंजेक्शन, हे सगळं खिशातून? पीएचसीत हे फुकट आहे, 15 ऑगस्ट 2023 पासून तर केसपेपरचेही पैसे लागत नाही.

आता प्रायव्हेट. मागच्या पावसाळ्यात सोयाबीन डवरताना आमच्या काकाजींना साप चावला, घाईघाईत बाजारगावच्या प्रायव्हेट डॉक्टरकडे नेलं, त्यानं पाय पाहून हात वर केले, सरकारीत न्या म्हणे. तिथल्याच पीएचसीत विषावरचं इंजेक्शन सुरू झालं अन् मग 108 नं जिल्ह्याला. कार्ड होतं ना खिशात, लॅमिनेशन केलेलं! 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीनं 20 च्या वर माणसं गेली, तवा शेकडो फवारणीवाले सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातच पडून होते.

डॉक्टर नसतो हे मात्र खरं, आमच्याकडे रात्री गेलं तर नर्सबाईच भेटते. पण काऊन? जागा भरत नाही, क्वार्टर गळते, बाँडवाला (शिकून झाल्यावर सक्तीची सरकारी सेवा करणारा) पोरगा वर्ष काढून निघून जाते. आदिवासी भागात 20 हजार अन् बाकीकडे 30 हजार लोकांमागे एक पीएचसी, त्यातला एक डॉक्टर मीटिंगला गेला की झालं. मोटर जळली म्हणून विहीर बुजवते का कोणी? अन् हेच कार्ड सरकारी दवाखान्यातही चालते, क्लेमचा पैसा त्या दवाखान्याला भेटते, हे मेसेजवाल्याला माहीत दिसत नाही.

बाळंतपण झाल्यावर आशाताई 42 दिवसांत 6 चकरा मारते, घरी झालं असलं तर 7, बाळ तोलते, ताप पाहते. गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून हेच करून दाखवलं, बाळं मरायची कमी झाली, तेच पुढं देशभर गेलं. या चकरांचं पॅकेज कार्डात कोणत्या नंबरवर आहे तेवढं टाका ग्रुपवर.